एका युरोच्या घराने गाव वसत नाही

सिसिलीतल्या साम्बूका या डोंगरी गावाने एका युरोला घरं विकायला काढली, ही बातमी २०१९ च्या जानेवारीत जगभर फिरली. मराठी वाचकांपर्यंतही ती पोचली, आणि दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर नव्याने येत असते. त्यानंतर साम्बूकाने २०२१ मध्ये दोन युरोची आणि २०२४ मध्ये तीन युरोची घरं काढली. इटलीतल्या कितीतरी नगरपालिकांनी हाच कित्ता गिरवला. गाव ओस पडत असेल तर घरं फुकटाच्या भावात द्या, लोक येतील, घरं उभी राहतील, गाव वाचेल, असा या योजनेमागचा सरळ हिशेब आहे. त्यातला पहिला अर्धा भाग खरा ठरला: लोक आले आणि घरं उभी राहिली. गाव वाचणं मात्र वेगळ्या गोष्टींवर ठरतं. त्या गोष्टी लिलावाच्या जाहिरातीत नसतात आणि सरकारच्या खर्चाच्या यादीतही फार खाली असतात. सिसिलीच्या ज्या खोऱ्यात साम्बूका आहे, तिथे हीच चूक आधी एकदा, याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. म्हणून या प्रश्नाकडे तिथूनच पाहायला हवं.

साम्बूका आग्रिजेन्तो प्रांतात येतं. वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. नवव्या शतकात अरबांनी ते वसवलं असं मानतात आणि जुन्या वस्तीत अरबी धाटणीच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या अजून टिकून आहेत. खाली अरान्चो नावाचं धरणाचं पाणी, भोवती द्राक्षमळे आणि ऑलिव्ह. २०१६ साली त्याला इटलीतलं सर्वांत सुंदर गाव म्हणून निवडलं गेलं. थोडक्यात, सौंदर्यात ते कुठेच कमी नाही. सौंदर्याने माणसं टिकली असती तर लिलावाची वेळच आली नसती.

आता साम्बूकाचीच योजना इतकी झटपट का चालली, ते पाहू. इटलीतल्या बहुतेक गावांत पडक्या घराला मालक असतात, आणि तेच अवघड असतं. आजोबाच्या नावावरचं घर पाच मुलांत, पुढे त्यांच्या अठरा नातवंडांत वाटलं गेलेलं. त्यातले काही अर्जेंटिनात, काही जर्मनीत, काहींचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय विक्री होत नाही. कोकणातल्या सामायिक घरांच्या सातबाऱ्याशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना हे जास्त सांगायला नको. साम्बूकात मात्र विक्रीला काढलेली घरं नगरपालिकेच्याच मालकीची होती. १९६८ च्या भूकंपानंतर मूळ मालक ती सोडून गेले आणि भूकंपग्रस्तांसाठीच्या कायद्यांतून ती नगरपालिकेकडे आली. मालक एकच असल्याने जाहिरात काढायची, पाकिटं उघडायची, खरेदीखत करायचं, इतकंच काम उरलं. या यशाचं मूळ एका आपत्तीत आहे आणि तो कित्ता दुसऱ्या गावाला जशाच्या तसा गिरवता येत नाही, ही गोष्ट बातम्यांमधून गळून जाते.

तो भूकंप १४ आणि १५ जानेवारी १९६८ ला बेलीचे नदीच्या खोऱ्यात झाला. जिबेल्लिना, पोज्जोरेआले, सालापारूता आणि मोन्तेवागो ही चार गावं जमीनदोस्त झाली. सान्ता मार्गेरिता, पार्तान्ना, सालेमी, साम्बूका यांची कमीअधिक पडझड झाली. शेकडो माणसं गेली, हजारो उघड्यावर आली. ऐन हिवाळ्यात सरकारने सर्वांत तत्परतेने दिलेली मदत कोणती असेल? बाहेर जाणाऱ्यांना रेल्वेचं फुकट तिकीट, तेही एकेरी, आणि हातोहात पासपोर्ट. हजारो लोक मिलान, तूरिन, स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. जे राहिले त्यांनी पत्र्याच्या आणि लाकडी बराकींत वर्षंच्या वर्षं काढली. १९७० साली तिथल्या तरुणांनी लष्करी सेवेला नकार देऊन आंदोलन केलं, तेव्हा कुठे त्यांना सक्तीच्या सैन्यभरतीऐवजी स्वतःच्या गावाच्या पुनर्बांधणीत काम करण्याची मुभा संसदेने दिली. १९७६ साली याच खोऱ्यातल्या सान्ता निन्फा गावाचे पाद्री आन्तोनियो रिबोल्दी बराकींत वाढलेल्या मुलांना घेऊन रोमला गेले, कारण आठ वर्षांनंतरही घरं नव्हती.

मग पैसा आला, आणि तो खोऱ्यात जागोजागी दिसतो. नवं जिबेल्लिना जुन्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, सालेमीच्या हद्दीत, महामार्ग आणि रेल्वेच्या जवळ वसवलं गेलं. रस्ते रुंद, चौक भव्य, प्रत्येक घराला पुढे-मागे जागा. नगराध्यक्ष लुदोविको कोर्राओ यांनी देशातले नामवंत शिल्पकार, चित्रकार, वास्तुरचनाकार बोलावले. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर आल्बेर्तो बुर्री यांनी १९८४ पासून पांढऱ्या सिमेंटचं सुमारे ८ हेक्टरचं प्रचंड शिल्प केलं. माणसाच्या छातीइतक्या उंचीचे सिमेंटचे ठोकळे आणि जुन्या गल्ल्यांच्या रेषेत सोडलेल्या भेगा. ते काम २०१५ साली पुरं झालं. कलाकृती म्हणून त्याचं मोल फार मोठं आहे आणि इथे त्यावर आक्षेप नाही. जिबेल्लिनाला २०२६ साठी इटलीची पहिली समकालीन कलेची राजधानी म्हणून मान मिळाला, तोही योग्य आहे. पण नव्या जिबेल्लिनाची वस्ती चार हजारांच्या खालीच आहे. त्या चौकांना भरून काढतील इतकी माणसं तिथे कधीच आली नाहीत. लुदोविको क्वारोनी यांनी आखलेल्या मुख्य चर्चचं छत १९९४ साली कोसळलं. घरं होती, कला होती, रस्ते होते. काम नव्हतं, आणि तरुण माणूस कामामागे जातो.

म्हणजे १९६८ नंतर सरकारने गाव म्हणजे घरांचा समूह असं धरलं आणि तो नव्याने बांधला. २०१९ मध्ये नगरपालिकेने गाव म्हणजे घरांचा समूह असं धरलं आणि तो विकला. दोन्ही वेळा घराच्या आत राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, म्हणजे मूल कुठल्या शाळेत जातं, रात्री छातीत दुखलं तर गाडी किती वेळात येते, शेवटची बस किती वाजता सुटते, हा प्रश्न मागेच राहिला.

योजनेचा प्रत्यक्ष व्यवहारही नीट समजून घ्यायला हवा, कारण तिचा कल कोणाकडे आहे ते त्यातच दिसतं. साम्बूकाच्या पहिल्या फेरीत १६ घरं होती, लहान ४० चौरस मीटरची तर मोठी १५० पर्यंत. एक युरो ही बोलीची सुरुवात होती. बंद पाकिटात बोली द्यायची, सर्वांत मोठी बोली जिंकणार. प्रत्यक्ष किमती हजार युरोपासून २५ हजारांपर्यंत गेल्या. बोलीबरोबर ५ हजार युरोंची अनामत. घर मिळाल्यावर तीन वर्षांत किमान १५ हजार युरो खर्चून दुरुस्ती पुरी करायची. केली तर अनामत परत, नाही तर जप्त.

आता ८० चौरस मीटरच्या एका घराचा ढोबळ हिशेब मांडू. बोली समजा ५ हजार. दुसरं घर म्हणून घेतलं तर नोंदणी कर घराच्या सरकारी मूल्याच्या ९ टक्के, पण किमान हजार युरो. इटलीत नोटरी म्हणजे नुसता शिक्का मारणारा माणूस नव्हे. मालकी, बोजे, नकाशे सगळं तपासून खरेदीखत तोच करतो. त्याची फी साधारण दोन हजार. छत खचलेल्या, पाणी-वीज नसलेल्या घराला चौरस मीटरमागे हजार युरो हा हिशेब कमीत कमी समजावा. म्हणजे ८० हजार. त्यावर दुरुस्तीच्या कामाचा १० टक्के व्हॅट. नकाशे, भूकंपसुरक्षेची गणितं आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याला कामाच्या सुमारे दहावा हिस्सा. बेरीज लाखाच्या वर जाते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर एक कोटी. घर पाहावं बांधून, ही म्हण सिसिलीलाही तंतोतंत लागू आहे.

आणि पैशाची सोय झाली तरी काम रखडतं. जुन्या वस्तीत बाहेरून काही बदलायचं तर वारसा खात्याची परवानगी लागते. भूकंपप्रवण भाग असल्याने भिंत-छताच्या कामाला बांधकाम खात्याच्या प्रांतिक कार्यालयाची वेगळी मंजुरी लागते. छतावर जुनी ॲस्बेस्टॉसची टाकी किंवा पत्रा निघाला, आणि तो निघतोच, तर १९९२ च्या बंदीनंतर तो फक्त परवानाधारक कंपनीच उतरवू शकते, तेही आरोग्य खात्याला आधी आराखडा देऊन. गल्ली इतकी अरुंद की ट्रक आत येत नाही. दगड, चुना, वाळू लहान तीनचाकीतून आणायची आणि मलबा तसाच बाहेर न्यायचा. २०२० मध्ये सरकारने घरदुरुस्तीच्या खर्चाच्या ११० टक्के इतकी करसवलत दिली, तेव्हा देशभरातले गवंडी आणि परांच्या मोठ्या शहरांतल्या इमारतींकडे वळल्या, सामानाचे भाव चढले, आणि लहान गावातल्या ८० मीटरच्या घराकडे फिरकायला कंत्राटदाराला सवडच उरली नाही. तीन वर्षांची मुदत पाळणं अनेकांना जड जातं ते आळसामुळे नव्हे.

भिंतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुकीची दुरुस्ती घराला न केलेल्या दुरुस्तीपेक्षा घातक ठरते. या भागातली जुनी भिंत साठ-सत्तर सेंटिमीटर जाड दिसते, पण ती एकसंध नसते. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, आणि मध्ये लहानमोठ्या दगडांचा, मातीचा, कमकुवत चुन्याचा भरणा. दोन थरांना जोडणारे आरपार दगड कमी असतात. छत गळायला लागलं की पाणी वरून त्या भरण्यात उतरतं, चुना धुऊन जातो, भरणा खाली बसतो आणि दोन्ही थर पोटासारखे फुगतात. अशी भिंत भूकंपात उभी दुभंगते. त्यावर उपाय आहेत: चुन्याचा पातळ रस हलक्या दाबाने आत भरणं, दोन थर आरपार बांधून घेणं, समोरासमोरच्या भिंती मजल्याच्या उंचीला लोखंडी ताण-सळ्यांनी जखडणं, छत हलकं ठेवणं. पण घाईत काय होतं? सिमेंट वापरलं जातं. सिसिलीच्या अंतर्भागात जुन्या बांधकामात जिप्समचा गिलावा आणि जोडमसाला सर्रास असतो. जिप्सम, सिमेंट आणि ओल एकत्र आली की त्यातून फुगणारे क्षार तयार होतात आणि नवा गिलावा आतूनच फुटून येतो. शिवाय सिमेंटखाली ओल कोंडते ती वेगळीच. याहून वाईट म्हणजे जुन्या दगडी भिंतीवर काँक्रीटचं जड छत. १९९७ च्या उंब्रिया-मार्केच्या भूकंपात हे स्पष्ट दिसलं: ‘मजबूत’ केलेल्या छतांनीच खालच्या कमकुवत भिंती फोडल्या.

यातून पुढचा मुद्दा निघतो. या गल्ल्यांत घर एकटं उभं नसतं. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत, त्याच्या छताचं पाणी आपल्या पायात. एक घर हौसेने उत्तम दुरुस्त केलं आणि डावी-उजवीकडची दोन पडकीच राहिली, तर चांगलं घर दोन्ही बाजूंनी ओल खात राहतं आणि भूकंपात शेजारच्यांबरोबरच हलतं. दुरुस्तीचा खरा एकक घर नाही, गल्ली आहे. इटलीला हे माहीत नाही असं नाही. २००९ च्या लाक्विला भूकंपानंतर एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या मालकांना संघ करून एकत्रित दुरुस्ती करणं सक्तीचं केलं गेलं. एका युरोच्या लिलावात मात्र ते शहाणपण बाजूला ठेवून घरं सुटी-सुटी विकली जातात.

आता घेणारा कोण? बोली जिंकायला पैसा, तीन वर्षं वाट पाहायची ऐपत आणि दूर बसून काम करवून घेण्याची सोय लागते. साहजिकच तो उन्हाळ्यात काही आठवडे येणारा, निवृत्त किंवा निवृत्तीला आलेला माणूस असतो. त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. गावच्या गवंड्यांना, सुतारांना, खानावळींना त्याच्यामुळे काम मिळालं. साम्बूकाच्या नावाचा बोलबाला झाल्यावर लिलावाबाहेरची खासगी घरंही विकली गेली. जवळच्या चांचानामध्ये परदेशी लोक एका युरोच्या गाजावाजाशिवायच स्वस्त घरं घेत आले आहेत. इटलीच्या दक्षिणेतल्या कमी वस्तीच्या गावात राहायला येणाऱ्या परदेशी पेन्शनरांना ७ टक्के सपाट कराची सवलत २०१९ पासून आहे. पण या सगळ्या वाटांनी गावात येतो तो सरासरी साठीचा माणूस. त्याच्याबरोबर शाळेत जाणारं मूल येत नाही, आणि म्हातारपणी त्याला डॉक्टर मात्र इतरांहून जास्त लागतो.

भारतातून घर घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी दोन शब्द. घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. शेंगेन नियमाने १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. दीर्घकाळ राहण्याच्या व्हिसासाठी वर्षाला सुमारे ३१ हजार युरोंचं, काम न करता मिळणारं उत्पन्न दाखवावं लागतं आणि तिथे नोकरी करता येत नाही. इटलीत अनिवासी परदेशी माणसाला घर घेता येतं ते परस्परतेच्या तत्त्वावर, म्हणजे आपल्या देशात इटालियन माणसाला तसंच घेता येत असेल तर. भारतात परदेशी अनिवासी माणसावर बंधनं आहेत, तेव्हा बोली लावण्याआधी हा मुद्दा नोटरीकडून लेखी सोडवून घ्यावा. पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच.

गाव कशामुळे टिकतं याची मोजपट्टी इटलीकडे स्वतःची आहे, आणि ती चांगली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘अंतर्भागांच्या राष्ट्रीय धोरणा’ने प्रत्येक नगरपालिकेला तीन सेवांपासूनच्या वेळेने मोजलं: पूर्ण माध्यमिक शिक्षण, आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय आणि बऱ्यापैकी रेल्वे स्थानक. या तिन्ही सेवा असलेल्या शहरापासून २० मिनिटांच्या आत ते जवळचं, ४० च्या पुढे ते परिघावरचं, ७५ च्या पुढे ते अतिदूरचं. या हिशेबाने देशाचा सुमारे ६० टक्के भूभाग अंतर्भाग ठरला आणि त्यात लोकसंख्या पावाहून कमी. अर्थमंत्रालयात मुरलेले फाब्रित्सिओ बार्का यांच्या कल्पनेतलं हे धोरण. यात सौंदर्याला, वारशाला, बातमीमूल्याला गुण नाहीत. मिनिटं मोजलेली आहेत. गावकऱ्याला तीच भोगावी लागतात.

आणि सेवा कशा जातात? नियमाच्या आकड्यांनी जातात. प्राथमिकच्या पहिल्या वर्गाला १५ मुलं हवीत, डोंगरी गावात १० चालतात. त्याखाली गेलं की वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकाच वर्गात, तेही ८ ते १८ मुलांपर्यंतच. ८ च्या खाली शाळेचा वर्गच संपतो. वर्षाला ५०० पेक्षा कमी बाळंतपणं होणारे प्रसूती विभाग २०१० नंतर बंद करत आणले गेले. एका कुटुंब डॉक्टरच्या यादीत १,५०० माणसं बसतात, म्हणजे साम्बूकाएवढ्या गावाला चार डॉक्टर लागतात. त्यातला एक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर हजार-दीड हजार माणसांची घडी विस्कटते. हे आकडे मोठ्या शहरांच्या मापाने रास्त आहेत, काहींमागे रुग्णसुरक्षेचं खरं कारणही आहे. पण डोंगरात त्यांचा परिणाम साखळीसारखा होतो: चार मुलं कमी झाली की वर्ग जातो, वर्ग गेला की तरुण आई-बाप शहरात घर बघतात, आणि पुढच्या वर्षी आणखी सहा मुलं कमी. बेलीचेच्या दक्षिणेला शाक्का या किनाऱ्यावरच्या शहरापर्यंत येणारी रेल्वे १९८६ साली बंद झाली आणि परत आली नाही. २०२४ च्या दुष्काळात आग्रिजेन्तो प्रांतात नळाचं पाणी पाळीने येत होतं. गच्चीवर दोन टाक्या असल्या तर घर चालतं, एवढं तिथल्या कोणालाही विचारलं तरी कळेल. नव्या मालकाला हे लिलावाच्या माहितीपत्रकात कोणी सांगत नाही.

पैसाच नव्हता असं कोणी म्हणू नये. महासाथीनंतरच्या युरोपीय निधीतून इटलीने जुन्या गावांसाठी जो खर्च ठरवला, त्यातले ४२ कोटी युरो २१ गावांत वाटले, प्रत्येकी २ कोटी. सिसिलीच्या वाट्याचं ‘गाव’ होतं विझ्झीनीजवळची कुंझिरिया, कातडं कमावणाऱ्यांची ओस पडलेली जुनी वसाहत. तिथे कोणी राहत नाही. दगडी घरांची ती वस्ती देखणी आहे आणि ती जपावी, यात वाद नाही. पण ओस गावांना जीव देण्यासाठीचे २ कोटी युरो जिथे एकही चूल पेटत नाही तिथे, आणि चुली पेटत असलेल्या शेकडो गावांना बालवाडीच्या गाडीचे पैसे नाहीत, ही निवड चुकीची होती. तेवढ्या पैशात एका डोंगरी पट्ट्यातल्या दहा-बारा गावांना वर्षानुवर्षं संध्याकाळची बस आणि फिरता दवाखाना देता आला असता.

याच्या उलट टोकाचा विचारही आता सरकारी कागदावर आला आहे. २०२५ च्या राष्ट्रीय आराखड्यात काही भागांची लोकसंख्याघट परतवता येणार नाही, तेव्हा त्यांना उताराच्या वाटेवर साथ द्यावी, असं म्हटलं गेलं. सगळी गावं वाचणार नाहीत हे खरं आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. पण बेलीचेत १९६८ ला एकेरी तिकिटं वाटणाऱ्या सरकारने याला नैसर्गिक घट म्हणू नये. सेवा काढून घ्यायची, मग माणसं कमी झाली म्हणायचं, मग माणसं कमी झाली म्हणून उरलेली सेवा काढायची. यात निसर्गाचा हात कमी आणि सरकारचा जास्त आहे.

दुसरी वाट चालून पाहिलेली उदाहरणं सिसिलीतच आहेत. मुस्सोमेलीनेही एका युरोची घरं काढली होती, पण त्या गावाने पुढे जाऊन आपल्या रुग्णालयातल्या रिकाम्या जागांसाठी अर्जेंटिनातल्या रोसारिओ विद्यापीठाशी बोलणी केली आणि इटालियन वंशाचे डॉक्टर गावात आणले. घरांच्या योजनेतून मिळालेली ओळख त्यांनी सेवेसाठी वापरली, म्हणून ते उदाहरण मोलाचं. सुतेराने २०१३ च्या लांपेदूसा बेटाजवळच्या निर्वासितांच्या बोट दुर्घटनेनंतर निर्वासित कुटुंबांना आपल्या रिकाम्या घरांत जागा दिली. तिथे गावात मुलं आली. असे प्रयोग राजकारणात सापडतात, निधी अडतो, काही कुटुंबं दोन वर्षांत उत्तरेकडे निघून जातात. हे सगळं होतं. तरी वर्गात बसणारं मूल हाती लागतं, आणि डोंगरी गावाला सर्वांत दुर्मीळ तेच आहे.

म्हणून योजना बंद करू नये, तिची घडी बदलावी. घरं सुटी विकण्याऐवजी गल्ली एकत्र काढावी: छताचं पाणी, सांडपाणी, ताण-सळ्या आणि परांच्या नगरपालिकेने एका कंत्राटात कराव्यात, त्याचा वाटा किमतीत मिळवावा आणि आतलं काम ज्याचं त्याने करावं. बोलीला निम्मेच गुण असावेत. उरलेले निम्मे वर्षभर राहणाऱ्याला, लहान मूल असलेल्या कुटुंबाला, गावाला हव्या असलेल्या पेशाला, देश कोणताही असो. अनामतीचा अर्धा भाग काम पुरं झाल्यावर परत द्यावा आणि अर्धा दोन हिवाळे राहून दाखवल्यावर. नगरपालिकेच्या हातातली सगळी घरं विकूही नयेत. तिसरा हिस्सा दुरुस्त करून भाड्याने ठेवावा, बदलीवर आलेल्या शिक्षिकेसाठी, परिचारिकेसाठी, द्राक्षतोडीला येणाऱ्या मजुरांसाठी. आज बदलीवर आलेल्या माणसाला पर्यटकांच्या दराने खोली घ्यावी लागते आणि तो पहिली संधी मिळताच बदली मागतो. विकलेलं घर परत मिळत नाही, भाड्याचं घर दर चार वर्षांनी नव्या माणसाला देता येतं.

आणि यश मोजायचं ते ऑगस्टमध्ये नव्हे. जुन्या वस्तीतल्या किती घरांच्या मीटरवर जानेवारीत पाणी-वीज वापरली गेली, पहिलीत किती मुलं बसली, डॉक्टरांच्या किती जागा भरलेल्या आहेत, शाक्का आणि पालेर्मोला दिवसाला किती बस सुटतात, हे चार आकडे नगरपालिकेने दर वर्षी जाहीर करावेत आणि पुढची जाहिरात निघेल तेव्हा घरांच्या यादीच्या वर छापावेत. प्रांताने आणि रोमने ते आकडे बघून निधी द्यावा. विकत घेणाऱ्यालाही आपण कुठे येतो आहोत ते आधीच कळेल.